टेक्ससवरून जायचं नाही

मागच्या महिन्यात घरातली पुरुषमंडळी दोन दिवस पुण्याला गेलेली, पोरं आपापल्या हॉस्टेलवर, घरात फक्त मी आणि अक्का. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, वय ५८, मी ४६. रात्रीची जेवणं साडेसातलाच उरकली, भांडी काय दोन ताटं आणि एक पातेलं, आणि मग काय करायचं ते दोघींनाही कळेना कारण रोज त्या वेळेला आम्ही चपात्या लाटत असतो. मी म्हटलं, अक्का, एक पिक्चर दाखवतो तुम्हाला, इंग्रजी आहे पण मी शेजारी बसून सांगतो. अक्का म्हणाल्या, लाव की, झोप कुणाला आलीया.

बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते, कोल्हापुरात बायका पण 'मी जातो', 'मी येतो', 'मी सांगतो' असंच म्हणतात. लिहिताना मी 'गेले' 'आले' लिहिते कारण शाळेत तसं शिकवलं, पण तोंडात 'गेलो'च येतं आणि मला ते फार आवडतं. आमची पोरगी पुण्याला शिकायला गेली आणि दिवाळीला घरी येऊन 'मी करते, मी बघते' म्हणायला लागली तेव्हा मला दोन दिवस चुकल्यासारखं वाटत होतं.

तर पिक्चर होता थेल्मा अँड लुईस. १९९१ चा. दिग्दर्शक रिडली स्कॉट, पण माझ्या मते हा पिक्चर आधी कॅली खूरीचा आहे, जिनं तो लिहिला. तिची ही पहिलीच पटकथा, त्याआधी ती म्युझिक व्हिडिओच्या प्रॉडक्शनमध्ये काम करायची, आणि पहिल्याच लिखाणाला ऑस्कर मिळालं. एकूण सहा नॉमिनेशन होती, मिळालं ते हे एकच. थेल्मा झालेली जीना डेव्हिस आणि लुईस झालेली सुझन सॅरंडन, दोघींनाही त्याच वर्षी बेस्ट अ‍ॅक्ट्रेसचं नॉमिनेशन होतं आणि ते गेलं जोडी फॉस्टरला. दोघीत मतं वाटली गेली असतील असं मला आपलं वाटतं, आणि खरं सांगायचं तर या दोघींना वेगवेगळं मोजताच येत नाही, एकीला काढलं तर दुसरी उभीच राहत नाही.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल, नसेल तर थोडक्यात. अमेरिकेत आर्कान्सा म्हणून राज्य आहे तिथल्या दोन मैत्रिणी. थेल्मा घरी असते, नवरा डॅरिल, सारखा ओरडणारा. लुईस हॉटेलात वेट्रेस. दोन दिवस डोंगरातल्या एका घरात जाऊन राहायचं, मासे पकडायचे, एवढाच बेत. लुईसची ती उघड्या टपाची निळसर हिरवी फोर्ड थंडरबर्ड, १९६६ ची. निघायच्या आधी दोघी हसत हसत स्वतःचाच एक पोलरॉइड फोटो काढतात. वाटेत एका बारमध्ये थांबतात, तिथं एक माणूस थेल्माबरोबर नाचतो आणि मग बाहेर पार्किंगमध्ये तिच्यावर जबरदस्ती करायला लागतो, लुईस पिस्तूल रोखून तिला सोडवते आणि तो माणूस जाता जाता इतकं घाण बोलतो की लुईस गोळी घालते. तिथून पुढं दोन दिवसांची सहल राहत नाही, पळणं सुरू होतं. मेक्सिकोकडं.

मी हा पहिल्यांदा बघितला १९९८ साली, राजारामपुरीत एका मैत्रिणीच्या घरी केबलवर. आम्ही चौघी होतो, एकोणीस-वीस वर्षांच्या, तिची आई आत काहीतरी निवडत बसलेली आणि आम्ही आवाज बारीक करून. तेव्हा आम्हाला काय आवडलं तर तो टँकर उडतो ते. एक ट्रकवाला रस्त्यात पुन्हा पुन्हा भेटतो, प्रत्येक वेळी जीभ काढून घाणेरडे हातवारे करतो, शेवटी या दोघी त्याला थांबवतात आणि (हे लोक विसरतात) आधी माफी माग म्हणतात, तुझ्या आईशी बहिणीशी कुणी असं वागलं तर कसं वाटेल विचारतात, आणि तो मागत नाही तेव्हाच गोळ्या झाडतात. टँकर पेटला तेव्हा आम्ही चौघींनी उशा हवेत फेकलेल्या. कारण तसा ट्रकवाला आम्हाला सगळ्यांनाच भेटला होता, हायवेच्या कडेनं लुना चालवणाऱ्या कुठल्या पोरीला नाही भेटला. माफी मागितलेला मात्र एकही भेटला नव्हता.

शेवट आवडला नव्हता तेव्हा. मैत्रिणीची आई दारात येऊन उभी होती, कधीपासून कुणास ठाऊक, आणि म्हणाली, बघा, असं होतं. आम्ही टीव्ही बंद केला.

आता अक्कांबरोबर बघताना पहिल्या पाच मिनिटांतच पिक्चर वेगळा निघाला. थेल्मा नवऱ्याला विचारायचं म्हणून स्वयंपाकघरात घुटमळते, तो अंगावर खेकसतो, आणि ती न विचारताच निघते. गाडीत लुईस विचारते की काय म्हणाला, तर ही सांगते मी विचारलंच नाही, चिठ्ठी ठेवली आणि मायक्रोवेव्हमध्ये जेवण ठेवलं. अक्का पुढं सरकून बसल्या. म्हणाल्या, "जेवण ठिवून आली व्हय? म्हंजे पळून न्हाई गेली ही, जाऊन येणार हुती." मी एवढ्या वेळा हा पिक्चर बघितलाय, तुकड्या तुकड्यांत तर कितीदा, पण ते जेवण मला कधी दिसलंच नव्हतं. परत यायचं होतं तिला. मग अक्का स्वतःशीच म्हणाल्या, मी मागल्या वर्षी बहिणीकडं गेल्तो तवा तीन दिसाच्या चटण्या करून गेल्तो.

पार्किंगमधला प्रसंग आला तेव्हा मी भाषांतर थांबवलं. गरज पण नव्हती. पण त्यानंतर गाडीत थेल्मा म्हणते की पोलिसांकडं जाऊया, काय घडलं ते सांगूया, आणि लुईस म्हणते की शंभर लोकांनी तुला त्याच्या गालाला गाल लावून नाचताना बघितलंय, कोण विश्वास ठेवणार. हे मी अक्कांना सांगितलं आणि त्या म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं." एवढंच. काही चिडून नाही, भाजी महाग झाली म्हटलं तर जसं म्हणतात तसं.

आणि ते अमेरिकेतलं म्हणून सोडून द्यावं असं नाही ना. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं, त्यात एक कारण काय तर तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नसणार. पोलीस ठाण्यात, रात्री, ती मुलगी विरोध करून करून काय करणार होती. १९७९ ला कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. पण तरीसुद्धा पुराव्याच्या कायद्यात एक कलम राहिलंच होतं, की तक्रार करणारी बाई वाईट चालीची आहे असं दाखवून तिची साक्ष पाडता येईल. ते कलम निघालं २००३ ला. म्हणजे मी राजारामपुरीत उशा फेकत होते त्या वर्षी पण आपल्याकडं कुठल्याही वकिलाला विचारता आलं असतं की ही नाचत होती का. मी काही कायदा शिकलेली नाही, हे सगळं नंतर वाचून वाचून समजलं, पण लुईसचं ते एक वाक्य समजायला मला कायदा लागला आणि अक्कांना काहीच लागलं नाही.

त्या रात्री झोप येईना तेव्हा मला सैरंध्री आठवली. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर जो पहिला सिनेमा काढला तो, १९२० चा, ज्याच्यासाठी टिळकांनी त्यांना सिनेमा केसरी म्हटलं आणि ज्याच्यात बाईची कामं बायकांनीच केली, पुरुषांनी लुगडं नेसून नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे त्यावरून मी आठवड्यातून चार वेळा जाते. आणि गोष्ट कुठली निवडली त्यांनी? द्रौपदी दासी होऊन विराटाच्या घरी राहते, राणीचा भाऊ कीचक तिच्या मागं लागतो, ती पळत दरबारात जाऊन दाद मागते तर तो भर दरबारात तिला लाथ मारतो. राजा गप्प. तिचा स्वतःचा नवरा वेष बदलून तिथंच बसलेला, तो पण गप्प. म्हणजे शंभर लोकांनी बघितलं आणि काहीच झालं नाही. मग रात्री भीम कीचकाला मारतो आणि पिढ्यान् पिढ्या आपण त्याला टाळ्या वाजवतो, नाटकं काढतो, कुणीच म्हणत नाही की ही गोष्ट पुरुषद्वेष्टी आहे. भीमाच्या जागी लुईस आली की लगेच म्हणतात. १९९१ ला अमेरिकेत हेच झालं, केवढं तरी लिहून आलं की या पिक्चरमध्ये पुरुषांना बदनाम केलंय, बायकांना हिंसा शिकवतात, टाईम मासिकाच्या कव्हरवर दोघींचा फोटो आला या वादापायी. अख्ख्या पिक्चरमध्ये या दोघी एकच माणूस मारतात हो. एक. त्या काळातले आपले नाहीतर त्यांचे हीरो इंटरव्हलच्या आधी किती मारायचे ते मोजा.

आता टेक्सस.

नकाशावर बघितलं तर ओक्लाहोमातून मेक्सिकोला जायचा सरळ रस्ता टेक्ससमधून आहे. लुईस म्हणते टेक्ससमधून जायचं नाही. थेल्मा म्हणते अगं मधे फक्त टेक्ससच तर आहे, आपण जीव घेऊन पळतोय, पोलीस मागे आहेत. नाही. दुसरा रस्ता शोध. का ते सांगत नाही. पुढं कधीतरी थेल्मा स्वतःच ओळखते, तुझ्याबरोबर टेक्ससमध्ये तसं काही झालं होतं ना, तर लुईस गाडी बाजूला घेऊन थांबवते आणि ठणकावून सांगते की याच्यावर मी बोलणार नाही. तपास करणारा पोलीस, हार्वे कायटेलनं केलाय, भला माणूस आहे, त्याला पण माहीत आहे टेक्ससमध्ये काय झालं ते. आपल्याला प्रेक्षकांना मात्र शेवटपर्यंत कुणी नीट सांगत नाही. काही दाखवत नाहीत. फक्त एक बाई शेकडो मैलांचा वळसा घालते.

एकोणिसाव्या वर्षी मला हे कळलं नव्हतं असं मी म्हणणार होते, पण ते खरं नाही. कळलं होतं म्हणूनच मी त्या भागाविषयी मैत्रिणींशी काही बोलले नाही. मी तेव्हा गावाकडून कॉलेजला एसटीनं यायचे. पावणेसातच्या गाडीला एक माणूस असायचा. काय करायचा ते लिहीत नाही, एसटीनं कॉलेज केलेल्या कुठल्याही बाईला विचारा. मी दोन वर्षं पावणेसातची सोडून साडेसातची गाडी पकडली, पहिला तास कायम बुडायचा, इंग्रजीचा, सरांनी एकदा वर्गात उभं करून विचारलं की घड्याळ नाही का घरी. घरात आई म्हणायची उशिरापर्यंत लोळत असते. मी कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्या माणसाचं काही झालं नसतं, माझं कॉलेज बंद झालं असतं. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. साडेसातची गाडी हे माझं टेक्सस, आणि तिच्यात बसून मी खिडकीतून काय काय बघितलं, उसाच्या गाड्या, धुकं, पंचगंगेवरचा पूल, ते सगळं मला अजून छान आठवतं, ते पण खरंच आहे.

हे मी अक्कांना त्या रात्री सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, एका ओट्याला उभं राहून दोघींनी किती स्वयंपाक केला असेल, पण हे पहिल्यांदाच निघालं. अक्का ऐकत होत्या, टीव्हीवर पिक्चर थांबवलेला, लुईसचा चेहरा अर्धवट. मग म्हणाल्या, "माझं बी हाय तसलं एक." मी वाट बघितली. त्या म्हणाल्या, लाव म्होरं.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि त्याच्याविषयी लोक कमी बोलतात. लुईसचे साठवलेले सगळे पैसे, सहा हजारांच्या वर डॉलर, थेल्माच्या भोळेपणानं जातात, तो देखणा चोर पोरगा घेऊन जातो (ब्रॅड पिट, या पिक्चरनं त्याला लोक ओळखायला लागले). तो खोलीतला प्रसंग आला तेव्हा मी रिमोट शोधायला लागले तर अक्का म्हणाल्या, राहू दे की, आपण काय लहान हाय. तर पैसे गेल्यावर लुईस जमिनीवर बसकण मारते आणि रडायला लागते. आतापर्यंत सगळं तीच ठरवत होती, गाडी तिची, रस्ता तिचा, आणि थेल्मा शेजारच्या सीटवर पाय वर ठेवून बसलेली. आणि आता थेल्मा तिला हाताला धरून उठवते, चल, ऊठ, मी बघते काय करायचं ते. आणि करते पण, दुकानात जाऊन दरोडा घालते, त्या चोरट्या पोरानं तिला गंमत म्हणून जे शिकवलेलं तेच शब्द वापरून. बरोबर की चूक ते राहू दे. पण एक खचली की दुसरी उभी राहते आणि त्याच्याबद्दल कुणी कुणाला आभार मानत नाही, हे मी आमच्या घरात बघितलंय, सासूबाई गेल्या तेव्हा, माझं ऑपरेशन झालं तेव्हा. पडद्यावर फार कमी बघितलंय.

पोलिसाला गाडीच्या डिकीत कोंडतात तिथं अक्का सगळ्यात जास्त हसल्या. तो रडत म्हणतो मला बायकापोरं आहेत, तर थेल्मा म्हणते मग त्यांच्याशी गोड वाग, बायकोशी विशेषच, माझा नवरा वागला नाही, बघ माझं काय झालं. आणि डिकीला गोळी घालून हवेसाठी भोकं पण पाडून देते.

आणि फोन. थेल्मा घरी नवऱ्याला फोन करते. घरात पोलीस येऊन बसलेत, त्यांनी त्याला शिकवून ठेवलंय की प्रेमानं बोल. तो फोन उचलतो आणि गोड आवाजात हॅलो म्हणतो. ही ताबडतोब फोन ठेवते आणि लुईसला सांगते, याला कळलंय. एका हॅलोवर! मी भाषांतर करायच्या आधीच अक्कांनी मांडीवर हात मारला. "गोड बोलला न्हवं, म्हंजे कायतरी हाय." हा विनोद कॅली खूरीनं कुठंतरी लॉस एंजेलिसमध्ये बसून लिहिला आणि तो मंगळवार पेठेत दिलेल्या आणि ३४ वर्षं एका घरात नांदलेल्या बाईला भाषा येत नसताना कळला, याच्यापेक्षा मोठं काय पाहिजे कुठल्या लिहिणाऱ्याला.

जसजसा रस्ता पुढं जातो तसतसं दोघींच्या अंगावरचं एकेक गळत जातं. केस मोकळे, तोंडावर धूळ. लुईस एका ठिकाणी लिपस्टिक लावायला जाते आणि फेकून देते. आणखी एका ठिकाणी अंगठी, कानातलं, घड्याळ काढून एका म्हाताऱ्याला देऊन टाकते. अक्कांनी तेव्हा हातातल्या पाटल्या कोपराकडं सारल्या आणि परत खाली आणल्या. मी काही विचारलं नाही.

लोक म्हणतात या पिक्चरनं सगळं बदललं. तसं झालं नाही. तेव्हा वर्तमानपत्रं म्हणत होती की आता बायकांच्या पिक्चरची लाट येणार, जीना डेव्हिसनं नंतर सांगितलंय की ती वाट बघत राहिली आणि लाट काही आली नाही. पण ती नुसती वाट बघत बसली नाही हे मला आवडतं. तिची पोरगी लहान होती, तिच्याबरोबर लहान मुलांचे कार्यक्रम बघताना हिच्या लक्षात आलं की याच्यात मुली किती कमी आहेत, मग २००४ मध्ये तिनं त्यासाठी संस्थाच काढली, पडद्यावर बाया किती, बोलतात किती वेळ, हे मोजायची. मोजून हातात कागद घेऊन स्टुडिओवाल्यांकडं जायचं. भांडणापेक्षा हिशोब दाखवणं, हे पण आपल्या बायकांना येतंच की. आणि २०१६ ला अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म रजिस्ट्रीत हा पिक्चर गेला, कायमचा जपून ठेवायचा म्हणून.

शेवट सांगू का. पोलिसांच्या गाड्या मागे, पुढं खोल दरी. पिक्चरमध्ये ती ग्रँड कॅनियन आहे पण शूटिंग झालं युटामध्ये, मोआब गावाजवळ. थेल्मा म्हणते, नको पकडून द्यायला, जाऊ या असंच पुढं. लुईस विचारते नक्की? हात हातात, आणि गाडी कड्यावरून. तो पोलीस मागं पळत असतो. मागच्या सीटवरचा तो पहिला फोटो उडून जातो. गाडी हवेत असताना चित्र थांबतं आणि पांढरं होतं, खाली पडताना दाखवत नाहीत, उलट आधीचे हसतानाचे प्रसंग परत दाखवतात. ऑस्कर घेताना कॅली खूरी म्हणाली होती की ज्यांना या दोघींचा शेवट गोड व्हायला पाहिजे होता त्यांच्यासाठी हाच तो. मला हा शेवट अजूनही पटत नाही, पूर्ण नाही. मरण हे मोकळं होणं म्हणून सुंदर करून दाखवू नये असं मला आई झाल्यापासून वाटतं, आणि विहिरीवर गेलेल्या बायकांच्या गोष्टी आपल्या प्रत्येक गावात आहेत, त्यांना कुणी पांढरा पडदा दिला नाही. पण अक्कांचं मत वेगळं पडलं. त्या म्हणाल्या, त्या दोघी होत्या. विहिरीवर बाई एकटी जाते.

याच्यावर मी अजून विचार करतेय.

पुढच्या आठवड्यात एका गुरुवारी अक्का सकाळी म्हणाल्या, गगनबावड्याला जाऊया का. मी गाडी शिकले ४१ व्या वर्षी, जुनी वॅगनार आहे, शहरात चालवते, लांब कधी एकटीनं नेली नव्हती. पंचावन्न किलोमीटर. म्हटलं, भावजींना विचारलं का? अक्का काही बोलल्या नाहीत, चिठ्ठी लिहिली, चहाच्या कपाखाली ठेवली, आणि हो, आमटीभात झाकून ठेवला. नऊला निघालो. रंकाळ्याला वळसा घालून फुलेवाडी, बालिंग्याचा पूल, दोन्हीकडं ऊस, हवा इतकी छान की आम्ही काचा खाली घेतल्या आणि अक्कांनी पदर डोक्यावरून खांद्यावर टाकला. गाण्याबिण्याची गरजच पडली नाही, अक्का सारख्या बोलत होत्या, शाळेत असताना त्या लंगडीत कशा पहिल्या यायच्या वगैरे, जे मी कधी ऐकलंच नव्हतं.

मग पुढं एक गाव येणार होतं. नाव लिहीत नाही. त्याच्या अलीकडं एक फाटा लागतो तिथं अक्का एकदम म्हणाल्या, "हितनं आत घे. वरनं जाऊया." मी म्हटलं अक्का, तो रस्ता खराब आहे आणि दहा-बारा किलोमीटर जास्त पडतील. त्या समोर बघत होत्या. "आत घे गं."

मी आत घेतली. रस्ता खराबच होता. अक्का बराच वेळ गप्प होत्या आणि पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, मग मुख्य रस्ता परत लागला तेव्हा त्यांनी डबा उघडून मला एक लाडू दिला.

गगनबावड्याला वर गेलो, गगनगडाच्या पायऱ्या अक्का माझ्यापेक्षा आधी चढल्या. वरून खाली सगळं कोकण, ढग आपल्या पायाखालून जातात. अक्का कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, मी म्हटलं फोटो काढूया, तर म्हणाल्या दोघींचा काढ, माझा एकटीचा नको. हात लांब करून काढला, अर्धा फोटो आभाळच आलंय, पण दोघी हसतोय त्याच्यात.

तेवढ्यात भावजींचा फोन. स्पीकरवर नव्हता पण त्यांचा आवाज मोठा आहे. "हॅलो... पोचला का नीट? जेवलीस का?" अक्कांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "गोड बोलायलेत." मग हात काढून फोनमध्ये म्हणाल्या, "चहाची पावडर निळ्या डब्यात हाय. खालच्या फळीवर." पलीकडं जरा शांतता. मग, हां, सापडली.

तिथून आम्ही तासभर हललो नाही.

परत यायला चार वाजले. अक्कांनी सीट मागं करून डोळे मिटलेले, झोप लागली होती का नाही ते सांगता येत नाही. उतार संपला, भातशेती मागं पडली, आणि ते गाव जवळ आलं तसा मी वेग कमी केला. फाट्यावर आल्यावर मी न विचारता इंडिकेटर दिला.